दाखल्याचं पुस्तक संपलंय

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला मुलांच्या आधी तक्ता भेटला. वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढा कागद, त्यावर बारीक बारीक रकाने, आणि हेडसर म्हणाले, "बाई, वर्गावर नंतर जा. दुपारी हा वर पाठवायचाय."

मी तेव्हा तेवीस वर्षांची. डी.एड. होऊन घरी बसलेली, आणि बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये "अजून कुठे लागली नाही का?" हे ऐकून ऐकून कुणाच्याही अंगावर धावून जायच्या बेतात असलेली. उल्हासनगरातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून माझी ऑर्डर निघाली, तेव्हा आईने चारही मजल्यांवर पेढे वाटले. शाळा कुठली ते मी सांगणार नाही, कारण तिथे आम्ही जे केलं ते छापून आणण्यासारखं नाही. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायचे दिवस होते ते. पहिली ते सातवी, मराठी माध्यम, आणि शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जीन्स शिवायचे कारखाने. पाढे म्हणताना मुलं त्या मशिनींच्या ठेक्यावर म्हणायची, त्यामुळे एकोणतीसचा पाढासुद्धा आमच्याकडे झटपट व्हायचा.

तर तक्ता. मुलगे किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गातले किती, बापाचा धंदा काय, आणि शेवटी मातृभाषा. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळली पाहिजे, एवढी एकच अट. मी चौथीच्या वर्गात गेले आणि एकेकाला उभं करून विचारायला लागले, घरी कोणती भाषा बोलता. पहिला म्हणाला, "पप्पा हिंदी, मम्मी मराठी आणि आजी नुसत्या शिव्या." शिव्या कोणत्या भाषेत, तर आगरीत. दुसरी म्हणाली, "घरी कोण नसतंच, बाई." तिसऱ्याने तेलुगू सांगितलं, म्हणून त्याच्या मित्रानेही तेलुगू सांगितलं, तर मागून आवाज आला, "बाई, फेकतोय तो, त्याची आई जालन्याची आहे." सिंधी पोरं आमच्याकडे औषधालाही नव्हती, कारण गावातली सिंधी माणसं आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालायची. पण आमची झाडून सगळी पोरं बाजारात सिंधी दुकानदारांशी घासाघीस करून तयार झालेली. सिंधी कुणाला येतं, असं विचारल्यावर अख्खा वर्ग हात वर करून उभा राहिला. मला हसू आवरेना. मी खुर्चीत बसून हसत सुटले, मला बघून मुलं हसली, आणि पहिल्याच दिवशी वर्ग माझ्या हाताबाहेर गेला.

बेरीज एकाने चुकली. हेडसरांनी चष्मा कपाळावर चढवला, एक मुलगा तेलुगूतून काढून गुजरातीत टाकला आणि पट्टी धरून खाली दुहेरी रेघ मारली.

"सर, पण तो गुजराती नाहीये," मी म्हटलं.

"उद्या परत तेलुगू करू," ते म्हणाले.

ते करायचं राहूनच गेलं, आणि तो बिचारा सोलापूरकडचा मुलगा त्या वर्षी सरकारदरबारी गुजराती म्हणून चौथी पास झाला.

त्याच वर्गात ती होती. आठवडाभराने तक्त्याची पोचपावती आली तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही मला हिंदीत लिहिलं. हिंदी तर मी रस्त्यावर शिकले, मराठी शाळेत शिकले. घरची भाषा वेगळीच आहे, ती तुमच्या कागदात नाहीच." तिचं घर आझमगढकडचं. बाप जीन्सच्या कारखान्यात मास्टर, म्हणजे कापड कापण्यापासून शिलाईपर्यंत सगळं हातात असलेला कारागीर. मग ती मराठी शाळेत कशी, तर हिंदी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती आणि आईला ट्रकची भीती वाटायची. एवढं साधं कारण.

पोरगी भलतीच हुशार आणि तेवढीच आगाऊ. पेपर सर्वांच्या आधी सोडवायची आणि मग मागे वळून बाकीच्यांचं काय काय चुकलं ते सांगत बसायची. एकदा मी फळ्यावर गणित केलं आणि उत्तर पुस्तकाशी जुळेना. मी पुसून परत केलं, तरी जुळेना. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं बरोबर आहे, पुस्तकच चुकलंय." मला त्या क्षणी तिचा इतका राग आला आणि इतका लाड आला की मी तिला वर्गाची मॉनिटर करून टाकलं.

तेव्हा चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. मी हेडसरांना म्हटलं, हिला बसवू या. त्यांनी कपाटातून गेल्या कित्येक वर्षांच्या निकालाच्या फायली काढून माझ्यापुढे मांडल्या. प्रत्येक वर्षी शिष्यवृत्तीच्या रकान्यात एकच शब्द, त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात: निरंक. म्हणजे कुणी बसलंच नाही.

"बाई, एक मूल बसलं आणि नापास झालं तर शाळेचा निकाल शून्य टक्के. कुणीच बसलं नाही तर निरंक. शून्यावर खुलासा द्यावा लागतो. निरंकाला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सर, मग शाळाच बंद करा, सगळंच निरंक होईल." बोलून गेले आणि मग आठवलं, शिक्षणसेवकाची नोकरी ती काय, आणि माझा गोपनीय अहवाल हेच लिहिणार. पन्नाशीचा शांत माणूस, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या घरून रोज डबा घेऊन येणारा, शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं. त्यांनी फायली मिटल्या. मग म्हणाले, "फॉर्म आणा." नंतर मला कळलं की ते तिची गणिताची वही आधीच दोनदा बघून गेले होते.

मग आम्ही जे सुटलो ते सुटलोच. शाळा सुटल्यावर तासभर मी भाषा घ्यायची, हेडसर गणित घ्यायचे, आणि बुद्धिमत्ता चाचणीत आम्ही दोघंही तिच्याकडून शिकायचो. आरशातलं घड्याळ, पाण्यातलं प्रतिबिंब, दुमडलेल्या कागदाला पाडलेली भोकं. एके दिवशी हेडसर आणि मी कागद दुमडून कात्रीने भोकं पाडत बसलो होतो आणि ती पाठमोरी उभी राहून न बघता उत्तरं सांगत होती. शिपाईमामा चहा घेऊन आला, आम्हाला जमिनीवर कागदाच्या कचऱ्यात बसलेलं बघितलं आणि तसाच परत गेला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच शनिवारी तिचे वडील आले. सडपातळ, बोटं निळीने रंगलेली, सदऱ्यावर पिवळे दोरे चिकटलेले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, बिटिया का दाखला चाहिए." त्यांच्या सेठने बदलापूरला मोठा गाळा घेतला होता. कारागिरांना तिथेच वर खोल्या, आणि काम रात्री उशिरापर्यंत चालणार म्हणून राहायचंही तिथेच. सगळा कारखाना महिन्याभरात हलणार होता, आणि मास्टर नसले तर कारखाना काय कामाचा.

परीक्षेचा फॉर्म आमच्या शाळेतून भरलेला. तिने शाळा सोडली की फॉर्म गेला, आणि नव्या शाळेत मधेच कोण तिला बसवणार. मी म्हटलं, मी रोज बदलापूरहूनच येते, तिची मी ने-आण करते. ते म्हणाले, "उसकी माँ नहीं मानेगी, मॅडम." ज्या बाईने रस्ता ओलांडायला नको म्हणून भाषा बदलली होती, ती कशाला मानतेय.

मी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी तिन्ही पेनं खिशातून काढली, परत ठेवली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "दाखल्याचं पुस्तक संपलंय. वर मागणी केली आहे. पुढच्या शनिवारी बघू."

पुस्तक त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होतं. निम्मंसुद्धा संपलेलं नव्हतं. मास्टर गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

माणूस उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता म्हणतात, पण हेडसरांना दाखला न द्यायच्या इतक्या रीती ठाऊक होत्या की मी थक्क झाले. दुसऱ्या शनिवारी शिक्का दुरुस्तीला गेला होता. तिसऱ्या शनिवारी जनरल रजिस्टर तपासणीला गेलं होतं. एका शनिवारी ते स्वतःच पल्स पोलिओच्या कामाला गेले होते, आणि ते खरंच गेले होते, त्यामुळे त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. मातृभाषेच्या रकान्याचा तर त्यांनी खासच उपयोग केला. "मुलीची भाषा तक्त्यात नाही, म्हणून वरून खुलासा मागवलाय. तो आल्याशिवाय दाखला लिहिता येत नाही." मी मान खाली घालून हजेरीपटात बघत बसले, नाहीतर तिथेच फुटले असते.

सर्वात कहर झाला तो कपाटाच्या किल्लीचा. हेडसर म्हणाले, "किल्ली शिपायाकडे आहे आणि शिपाई लग्नाला गावी गेलाय." त्यांचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच शिपाईमामा चहाचे तीन कप घेऊन दारात उभा. हेडसर म्हणाले, "हा बदली आलाय." मामा तिथे वीस वर्षं होता. मास्टर दर शनिवारी त्याच्याच हातचा चहा प्यायचे. त्यांनी मामाकडे बघितलं, कप घेतला आणि म्हणाले, "अच्छा, नये आए हैं." मामा बिचारा "हो, नवीनच" म्हणून कप मोजत निघून गेला.

घरी येऊन मी आईला सगळं साग्रसंगीत करून दाखवायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आई मधेच म्हणायची, "अगं, त्या माणसाचा खोळंबा होतोय की." मी म्हणायची, "होऊ दे थोडा, पोरीचं भलं होतंय." त्या सगळ्या महिन्यांत मी त्या वाक्याच्या पलीकडे एकदाही विचार केला नाही. असतोच असा काळ, आपण काहीतरी थोर करतोय असं वाटत असतं आणि वर मजाही येत असते.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मास्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पोरगी रोज वेळेवर शाळेत येत होती. सेठचा गाळ्याचा बेत बारगळला असेल, असं हेडसर म्हणाले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर हेडसर माझ्याही आधी हजर. हातात पाण्याची बाटली, ग्लुकोजची बिस्किटं, आणि खिशात अंगाऱ्याची पुडी. पहाटे देवळात जाऊन तिच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स देवापुढे ठेवून आले होते. आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात, अंगारा-बिंगारा चालत नाही, म्हणून मी त्यांची चेष्टा करायला लागले. पण घंटा झाली आणि ती वळून न बघता आत गेली, तेव्हा मीच म्हटलं, "सर, मलाही लावा थोडा." तिन्ही पेपर संपेपर्यंत आम्ही दोघं फाटकाबाहेर रसवंतीवर बसून होतो आणि त्या बिस्किटांचा पुडा आम्हीच संपवला. ती बाहेर आली आणि म्हणाली, "सोपे होते. एक प्रश्न चुकीचा छापलाय, मी बाजूला लिहून आलेय."

निकाल जूनमध्ये आला. ती शिष्यवृत्तीधारक झाली होती. हेडसरांनी फाइल काढली आणि त्या रकान्यात 'एक' इतक्या घाईने लिहिला की आकडा वाकडा आला. एरवी ते पान फाडून पुन्हा लिहिणारे. त्या दिवशी म्हणाले, "असू दे." मला रडू आलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

मग दोघांच्याही एकदमच मनात आलं, आता दाखला देऊन टाकायला हवा. अडवलंय त्या माणसाला, निदान आता तरी सोडू. हेडसरांनी पुस्तक काढलं, सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला, प्रगती 'उत्तम', वर्तणूक 'उत्तम', शिक्का मारला. मी निकालाचा कागद आणि दाखला पर्समध्ये टाकला आणि शाळेमागच्या गल्लीतून जवळजवळ पळतच त्यांच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. खोलीत कमरेएवढा जीन्सचा ढीग, आणि ढिगाच्या दोन्ही बाजूंना नवरा-बायको बसून छोट्या कटरने पँटींचे सुटे दोरे कापत होते. हे काम बायका आणि म्हाताऱ्या घरी आणून करतात. मास्टर लोक करत नाहीत. पोरीने माझ्या हातून कागद हिसकावून घेतला, गुण वाचले आणि पहिलं वाक्य काय, तर "बुद्धिमत्तेत चार का गेले?" सगळे हसलो. आईने तोंडाला पदर लावला, मला बसायला खुर्ची पुसून दिली, आणि लेकीला घेऊन मिठाई आणायला गेली. रस्ता ओलांडताना तिने पोरीचं मनगट घट्ट धरलेलं मला दारातून दिसलं.

मी मास्टरांना विचारलं, "सेठ गेले नाहीत का बदलापूरला?"

"गए न. संक्रांत तक रुके मेरे लिए. फिर गए." ते दोरे कापतच होते. "मेरी मशीन पे दूसरा मास्टर बैठा है अब. इधर के कारखानों में सबके अपने मास्टर हैं."

खुर्ची टोचायला लागली. शेवटी मी सगळं ओकून टाकायचं ठरवलं. "मास्टर, एक सांगायचंय. ते दाखल्याचं पुस्तक... ते संपलं नव्हतं."

"मालूम है," ते म्हणाले. "बिटिया ने पहले शनीचर को ही बता दिया था. अलमारी में है, नीचे के खाने में."

"मग तुम्ही दर शनिवारी कशाला यायचात?"

त्यांनी कटर खाली ठेवला. "सेठ रोज पूछते थे, कागज मिला क्या. मुलुक से वो ही मुझे लाए, काम सिखाया. उनके मुँह पे ना कैसे बोलता? और झूठ मेरे से बनता नहीं, मॅडम. तो शनीचर को आता था, आप लोग मना करते थे, और मैं जा के बोलता था, गया था सेठ, नहीं मिला. सच्ची बात." मग ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले. "बड़े सर हर हफ्ते नया बना के देते थे."

मी लाजेने मेले. आम्ही ज्याला बनवत होतो असं आम्हाला वाटत होतं, तो दर शनिवारी आमच्याकडून नकार घ्यायला येत होता, चहा पिऊन, हात जोडून. आणि त्या नकारापायी त्याने आपली मशीन घालवली होती. पर्समधला दाखला बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "ये परीक्षा सातवीं में भी होती है न?"

"होते," मी म्हटलं.

"तो ठीक है." त्यांनी ढिगातली पुढची पँट मांडीवर ओढली. "तब तक हम इधर ही हैं."